भोंगा वाजला तर आधी कुणाला घेऊन निघू?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

"आमचं घर अणुऊर्जा प्रकल्पापासून साधारण ११ किलोमीटरवर आहे. घरात मी, माझे पती, ७ वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणावरच आहेत. मला पाचवा महिना सुरू आहे. गेल्या महिन्यात आपत्कालीन सराव झाला. सराव आहे हे माहीत असूनही भोंगा ऐकताच माझे हातपाय गार पडले आणि मी दुचाकी काढून थेट शाळा गाठली. फाटक बंद होतं. मुलांना वर्गात बसवून दारं-खिडक्या लावल्या होत्या आणि शिक्षकांनी माझा मुलगा माझ्या ताब्यात द्यायला नकार दिला. त्या रात्री घरात वाद झाला. पती म्हणाले, खरंच वेळ आली तर तू मुलाला घेऊन गाडीने निघ, मी बाबांजवळ थांबतो. आतल्या खोलीतून सासऱ्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी औषध देताना मला म्हणाले, 'पोरी, माझ्यासाठी कुणी थांबू नका, मला ठेवून जा.' तेव्हापासून मला झोप नाही. शेजारणीने जखमेवर लावायच्या आयोडीनची बाटली आणून दिली आहे, वेळ आली की चमचाभर पाण्यातून घ्या म्हणते. मी कुणाला निवडायचं? आणि मुलाला आधी निवडलं तर मी वाईट सून ठरते का?"

प्रिय ताई,

बाकी सगळं नंतर, आधी त्या बाटलीचं बघा. जखमेवर लावायचं आयोडीन पोटात घेण्यासाठी नसतं. ते विषारी आहे, त्याने घसा आणि पोट भाजू शकतं. बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि शेजारणीलाही आजच सांगा. तिने मायेनेच दिली असणार, पण तिच्या घरीही लहान मुलं असतील. ज्या गोळ्या खरोखर कामाच्या असतात त्यांच्याबद्दल पुढे बोलते.

आता तुमचा प्रश्न. "कुणाला निवडू" असं तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या मनात एक चित्र आहे: भोंगा वाजला, मागून काहीतरी भयंकर धावत येतंय, गाडीत तिघांचीच जागा आहे आणि जो घरात राहिला तो गेला. हे चित्र तुम्ही एकट्यानेच रंगवलेलं नाही. तुमच्या पतींच्या डोळ्यांसमोरही तेच आहे, म्हणून ते "मी थांबतो" असं हौतात्म्य पत्करल्यासारखं बोलले. सासऱ्यांच्या डोळ्यांसमोरही तेच आहे. तिघं एकाच चुकीच्या चित्रापुढे उभे राहून एकमेकांसाठी त्याग करायला निघाला आहात. तुमच्या घरात प्रेमाची कमतरता नाही हे त्यातून कळतंच. पण चित्र चुकीचं असेल तर त्याग वाया जातो, कधी तर घातकही ठरतो.

अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटत नाही. भट्टीतली अणू फुटत जाण्याची साखळी प्रक्रिया थांबवली तरी इंधन तापलेलंच राहतं, बंद झाल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या ६ ते ७ टक्के उष्णता त्यातून निघत असते. ती काढून घ्यायला पाणी फिरवावं लागतं. ते फिरलं नाही तर इंधन वितळतं आणि मग किरणोत्सारी वायू व कण बाहेर पडण्याची वेळ येते. जपानमधल्या फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला आणि साचलेल्या हायड्रोजन वायूचा पहिला स्फोट दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी. मध्ये जवळजवळ २५ तास गेले. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर भट्टी एकदमच फुटली, हेही खरं आहे. त्या रचनेच्या भट्टीभोवती आजच्या बहुतेक प्रकल्पांत असतं तसं भक्कम बंदिस्त कवच नव्हतं. म्हणजे वेळ नेहमी २५ तासच मिळेल असं मी म्हणणार नाही. पण भोंगा म्हणजे "आता या मिनिटाला पळा" असा अर्थ जवळपास कधीच नसतो. "घरात जा, रेडिओ-टीव्ही लावा, पुढची सूचना ऐका" हा त्याचा अर्थ.

आणि ती पुढची सूचना सगळ्यांना एकच नसते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या भट्टीभोवती ३ ते ५ किलोमीटरचं एक आतलं वर्तुळ धरतात आणि १५ ते ३० किलोमीटरचं एक बाहेरचं. देशागणिक आकडे थोडे बदलतात. प्रकल्पाची स्थिती गंभीर आहे असं ठरलं की किरणोत्सर्ग बाहेर येण्याची वाट न पाहता आतल्या वर्तुळातल्यांना हलवायला सुरुवात करायची असते. बाहेरच्या वर्तुळातल्यांनी त्या वेळी घरात थांबायचं, सांगितल्यास आयोडीनची गोळी घ्यायची आणि निघायची तयारी ठेवायची, म्हणजे आतल्यांचे रस्ते मोकळे राहतात. तुमचं घर ११ किलोमीटरवर, म्हणजे बाहेरच्या वर्तुळात. तुम्ही पहिल्याच मिनिटाला गाडी रस्त्यावर काढलीत तर ज्यांच्या घरापासून प्रकल्पाची चिमणी दिसते त्यांच्या वाटेत तुम्ही उभ्या राहाल. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. तुम्हाला हे कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही, आणि ते सांगणं प्रशासनाचं काम होतं.

थ्री माइल आयलंडचं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २८ मार्च १९७९ रोजी तिथल्या भट्टीचं इंधन काही प्रमाणात वितळलं. दोन दिवसांनी गव्हर्नरांनी ५ मैलांच्या, म्हणजे ८ किलोमीटरच्या आतल्या गर्भवती स्त्रिया आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना निघायचा सल्ला दिला. प्रत्यक्षात जवळपास १,४०,००० माणसं घर सोडून गेली. सूचना सुसंगत नव्हत्या, कुणावर विश्वास ठेवायचा ते कळत नव्हतं, म्हणून माणसं निघाली. आसपासच्या २० लाख लोकांना सरासरी मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा पुढे मोजली गेली ती ०.०१ मिलीसिव्हर्टच्या घरात (मिलीसिव्हर्ट हे ती मात्रा मोजायचं एकक). निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतच असतात, त्यापुढे ती किती हे तुम्हीच बघा.

त्या सल्ल्यातली एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या: गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलं आधी. तुम्ही पाच महिन्यांच्या गरोदर आहात. त्यामुळे असं होऊ शकतं की तुम्हाला आणि मुलाला लवकर निघायची सूचना येईल आणि घरातल्या मोठ्यांना थांबायची. तशी सूचना आली तर निघा. त्यात सून वाईट ठरत नाही आणि कुणी कुणाला टाकूनही जात नाही. वाढत्या पेशींना किरणोत्सर्गाचा धोका जास्त, वय वाढतं तसा कमी, या साध्या कारणाने तो क्रम ठरलेला असतो. किरणोत्सर्गामुळे होणारा कर्करोग दिसायला वर्षं, कधी दशकं लागतात. सात वर्षांच्या मुलासाठी तो हिशेब वेगळा आणि आजोबांसाठी वेगळा.

आणि इथेच मला तुमच्या सासऱ्यांबद्दल सविस्तर बोलायचं आहे. तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य त्यांचं आहे, आणि माहितीच्या दृष्टीने सगळ्यात चुकीचंही तेच.

फुकुशिमात प्रकल्पाच्या जवळ एक रुग्णालय होतं. तिथले बरेच रुग्ण वृद्ध होते, अंथरुणाला खिळलेले होते. सगळ्यांना हलवायचा आदेश निघाला, पण तशा माणसांना न्यायची तयारी नव्हती. रुग्णांना साध्या बसमध्ये बसवून तासन्‌तास फिरवलं गेलं, सोबत पुरेसे डॉक्टर-परिचारिका नाहीत, सलाईन नाही, पाणी नाही. त्या स्थलांतरात आणि त्यानंतरच्या काही दिवसांत ४० हून जास्त रुग्ण दगावले. किरणोत्सर्गाने नव्हे, हलवण्याने. त्याच प्रांतातल्या मिनामिसोमा शहरातल्या वृद्धाश्रमांचा पुढे अभ्यास झाला. स्थलांतरानंतर तिथल्या रहिवाशांमध्ये मृत्यूचं प्रमाण आधीच्या २.७ पट झालेलं आढळलं. पण सगळ्या आश्रमांत ते सारखं नव्हतं. जिथे माणसांची नीट काळजी घेत, माहितीच्या कर्मचाऱ्यांसह, तयारीनिशी हलवलं, तिथे खूपच कमी नुकसान झालं. फुकुशिमा प्रांतात आपत्तीशी निगडित म्हणून नोंदलेले असे मृत्यू २,३०० च्या वर आहेत: दगदग, थंडी, तुटलेले उपचार, एकटेपण. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक शास्त्रीय समितीने रहिवाशांच्या तब्येतीचा आढावा घेतला तेव्हा किरणोत्सर्गाच्या मात्रेमुळेच झाले असं म्हणता येतील असे अपाय त्यांना आढळले नाहीत.

मी माझ्या आईला तिच्या शेवटच्या दोन वर्षांत पलंगावरून खुर्चीत बसवत असे. दोन पावलांचं अंतर, पण एका हाताने जमत नसे, घाईत तर मुळीच नाही. घाबरलेल्या माणसांनी तिला उचलून गाडीच्या मागच्या सीटवर कोंबलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार हे सगळं वाचताना माझ्या मनात येत राहिला.

तेव्हा बाबांना सांगा की "ठेवून जाणं" हा शब्दच इथे लागू होत नाही. आडोशाला, सोबतीला माणूस असताना, औषधं-पाणी हाताशी ठेवून, योग्य वाहन येईपर्यंत घरात थांबणं हा त्यांच्यासारख्या माणसासाठी कितीतरी वेळा अधिक सुरक्षित पर्याय असतो. त्यांना हलवायचंच असेल तर झोपवून, रुग्णवाहिकेतून आणि नेणाऱ्याला त्यांची औषधं माहीत असताना. हे होण्यासाठी कामं आधी करावी लागतात. स्थानिक आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात "घरात अंथरुणावर असलेली व्यक्ती आहे, रुग्णवाहिका लागेल" अशी लेखी नोंद करा आणि पोच घ्या. त्यांची औषधं, वेळा, डॉक्टरांचं नाव, कशाची ॲलर्जी आहे हे एका कागदावर लिहून त्यांच्या उशाशी ठेवा. त्यांना चादरीवरून सुरक्षित उचलायचं कसं ते घरी येणाऱ्या परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून शिकून घ्या, पतींबरोबर एखाद्या शेजाऱ्यालाही शिकवा. एक महिन्याची औषधं असतील तर शेवटचा आठवडा सुरू व्हायच्या आत नवी आणायची सवय लावा. भोंगा बुधवारी संध्याकाळी, डबी रिकामी असताना वाजू शकतो.

घरात थांबायचं म्हणजे नेमकं काय, ते बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. बाहेरून किरणोत्सारी कणांचा ढग जात असतो तेव्हा दोन धोके असतात. ढगातून आणि जमिनीवर बसलेल्या कणांतून येणारा किरणोत्सर्ग, आणि श्वासातून आत जाणारे कण. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती पहिला धोका बराच कमी करतात, बंद दारं-खिडक्या दुसरा. दारं-खिडक्या, झरोके बंद करा. बाहेरची हवा आत ओढणारा पंखा आणि तसा एसी बंद करा. मोठ्या फटींवर ओला कपडा लावा. घराच्या मधल्या खोलीत बसा, बाहेरच्या भिंतींपासून आणि छतापासून जितकं दूर जाता येईल तितकं. तळघर असेल तर उत्तम. बाबांचा पलंग आत्ता खिडकीशी असेल तर त्या दिवशी तो कुठे सरकवायचा ते आजच बघून ठेवा, दारातून जातो का तेही. ढग जात असताना कुणी बाहेरून आलं तर दाराशीच वरचे कपडे उतरवून पिशवीत बांधून लांब ठेवायचे. अंगावर बसलेली किरणोत्सारी धूळ ९० टक्क्यांपर्यंत तेवढ्यानेच जाऊ शकते. मग कोमट पाण्याने आणि साबणाने अंघोळ, त्वचा घासून लाल न करता.

आणि हो, घरात थांबणं म्हणजे दिवसेंदिवस कोंडून घेणं नाही. कुठलंही घर हवाबंद नसतं, काही तासांनी बाहेरची हवा आत येतेच. म्हणून हा उपाय साधारण एक-दोन दिवसांपुरता असतो. ढग पुढे सरकला की "आता खिडक्या उघडा" अशी सूचना येते, तीही पाळायची असते, कारण आत शिरलेली दूषित हवा बाहेर जाऊ द्यावी लागते.

शाळेचं म्हणाल तर, मुलाला बाहेर न सोडणाऱ्या त्या शिक्षकांचं मला मनापासून कौतुक वाटतं. तुम्हाला किती राग आला असेल, किती असहाय वाटलं असेल याची कल्पना आहे मला. पण खरी वेळ असती तर तो वर्गात, भिंतींआड होता. तुम्ही त्याला दुचाकीवर मागे बसवून उघड्या रस्त्यावरून आणलं असतं, तेही स्वतः गरोदर असताना. प्रत्येक आईबाप शाळेकडे धावले तर शाळेच्या रस्त्यावर बसेसही येऊ शकत नाहीत. हे मान्य करणं सोपं जावं म्हणून शाळेकडे काही उत्तरं मागा. मुलांना हलवायचं ठरलं तर कुठे नेणार? तिथे त्यांना घ्यायला कुणी जायचं, ओळखपत्र काय लागेल? आयोडीनच्या गोळ्या शाळेत ठेवल्या आहेत का, पालकांची संमती आधीच घेतली आहे का? पालकांना निरोप कुठून मिळणार? ही उत्तरं हातात असली तर भोंगा वाजल्यावर तुमचे पाय घरात टिकतील. उत्तरं नसतील, तर पुढच्या पालकसभेत आणखी चार जणींना बरोबर घेऊन पुन्हा विचारा.

आता गोळ्या. अणुभट्टीतून बाहेर पडणाऱ्या पदार्थांत आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन असतं. आपली थायरॉईड ग्रंथी आयोडीन स्पंजसारखं शोषते, साधं कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं हे तिला कळत नाही. पोटॅशियम आयोडाइडची गोळी वेळेवर घेतली तर ग्रंथी साध्या आयोडीनने भरून जाते आणि दुसऱ्याला जागा उरत नाही. एवढंच तिचं काम. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थांपासून, बाहेरून येणाऱ्या किरणोत्सर्गापासून ती वाचवत नाही. गोळी खिशात आहे म्हणून बाहेर फिरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात मात्रा दिल्या आहेत: १२ वर्षांवरील मुलं आणि मोठ्यांना १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, महिन्याभरापासून ३ वर्षांपर्यंत ३२, आणि महिन्याच्या आतल्या बाळाला १६. सर्वांत चांगली वेळ म्हणजे संपर्क येण्याआधीच्या २४ तासांपासून संपर्क सुरू झाल्यावर २ तासांपर्यंत. ८ तासांपर्यंतही काही उपयोग होतो. २४ तास उलटून गेल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा तोटा होऊ शकतो. म्हणूनच भोंगा वाजला की लगेच गिळायची नसते. सांगतील तेव्हाच, आणि बहुधा एकदाच.

तुमच्या घरात सर्वांत आधी ती कुणाला, हे स्पष्ट आहे: मुलाला आणि तुम्हाला. पाचव्या महिन्यात पोटातल्या बाळाची थायरॉईड ग्रंथी काम करू लागलेली असते, तुम्ही घेतलेली गोळी त्याच्यापर्यंत पोहोचते. चाळिशीपुढच्यांना तिचा फायदा फार कमी, त्यामुळे सासऱ्यांची गोळी हा तुमच्या काळजीचा विषय नको. तुम्हाला थायरॉईडचा काही आजार असेल, आयोडीनची ॲलर्जी असेल तर तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना पुढच्या भेटीतच विचारून ठेवा. आणि मीठ जास्त खाऊन काही होत नाही. तेवढं आयोडीन मिठातून मिळवायचं तर मिठानेच जीव जाईल.

शेजारणीच्या बाटलीची कल्पना कुठून आली असेल याचा मी विचार केला. चेर्नोबिलनंतर पोलंडमध्ये २९ एप्रिल १९८६ पासून सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण पाजलं गेलं होतं. अशा गोष्टी तोंडोतोंडी फिरत फिरत औषधाच्या कपाटातल्या बाटलीपाशी येऊन थांबतात. पण पोलंडमधलं ते मोजून, आरोग्य खात्याने बनवून दिलेलं औषध होतं. तिला हे सांगाल तेव्हा हा फरकही सांगा, म्हणजे तिला ओशाळल्यासारखं वाटणार नाही.

गोळीपेक्षाही मुलांना ज्याने वाचवलं असतं ते म्हणजे दूध बंद करणं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आयोडीन-१३१ गवतावर बसतं, गायी ते गवत खातात, दुधातून ते मुलाच्या थायरॉईडपर्यंत जातं. इंग्लंडमध्ये विंडस्केलला ऑक्टोबर १९५७ मध्ये भट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध विकायला बंदी घातली गेली आणि ते ओतून दिलं गेलं. चेर्नोबिलच्या आसपास अनेक गावांत मुलं दूध पीतच राहिली, कारण वेळेवर कुणी सांगितलं नाही. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागात, अपघाताच्या वेळी लहान किंवा किशोरवयीन असलेल्यांत थायरॉईडच्या कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण सापडले. त्यांतल्या मोठ्या वाट्याचं कारण ते दूध मानलं जातं. बहुतेक जण उपचारांनी वाचले, पण गळ्यावरची शस्त्रक्रियेची खूण घेऊन. तेव्हा भोंग्यानंतर, तपासणी करून "चालेल" असं जाहीर होईपर्यंत आसपासच्या जनावरांचं दूध, उघड्यावरची पालेभाजी-फळं, पावसाचं आणि उघड्या विहिरीचं पाणी बंद. आधीपासून घरात असलेलं बंद डब्यांतलं, पाकिटांतलं अन्न आणि झाकून ठेवलेलं पाणी चालतं. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, ८० दिवसांत हजाराव्या भागाच्या आसपास येतं. म्हणजे ही दक्षता जन्मभराची नाही, पण पहिल्या आठवड्यांत ती ढिली पडता कामा नये. सीझियम-१३७ चं तसं नाही, त्याला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, आणि मोठ्या अपघातानंतर काही भाग दीर्घकाळ रिकामे ठेवावे लागतात ते मुख्यतः त्याच्यामुळे.

निघायची वेळ आलीच तर कुठे? "लांब" एवढं उत्तर पुरत नाही. फुकुशिमाजवळच्या नामिए गावचे हजारो लोक वायव्येला त्सुशिमा भागात गेले, प्रकल्पापासून दूर म्हणून. ढगही त्याच दिशेला गेला. किरणोत्सर्ग कुठे पसरेल याचे अंदाज सरकारी यंत्रणेकडे होते, ते या लोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. ही गोष्ट वाचून आजही संताप येतो. यातून "सरकारचं ऐकूच नका" असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. मला तो पटत नाही, कारण वाऱ्याची दिशा आणि मोजमापं तुमच्या-माझ्याकडे तर अजिबातच नसतात. मी एवढंच म्हणेन की तुमच्या भागाचा स्थलांतराचा मार्ग आणि निवारा केंद्र कुठलं ते आधीच विचारून ठेवा, आणि ३० किलोमीटरच्या पलीकडे, दोन वेगवेगळ्या दिशांना, राहता येईल अशी दोन घरं बोलून ठेवा. कोणत्या दिशेला जायचं ते त्या दिवशीच्या सूचनेवरून ठरवा. शक्य असेल तर आत्ताच एकदा त्या दोन्ही वाटांनी जाऊन या.

आदेश आल्यावर मात्र रेंगाळू नका. प्रिप्यात शहर चेर्नोबिलच्या भट्टीपासून काही किलोमीटरवर होतं. स्फोटानंतर जवळजवळ ३६ तास तिथल्या सुमारे ४९,००० लोकांना हलवलं गेलं नाही, मुलं बाहेर खेळत होती. मग १,२०० च्या आसपास बसेस आल्या आणि लोकांना सांगितलं गेलं, तीन दिवसांपुरतं सामान घ्या. ते परत राहायला कधीच आले नाहीत. म्हणून तुमच्या पिशवीत तीन दिवसांचे कपडे असले तरी कागदपत्रं, तुमची गरोदरपणाची फाइल, बाबांचे वैद्यकीय अहवाल आणि मुलाच्या लसीकरणाची नोंद कायमची असू द्या.

तुमच्या घरापुढे खरे पर्याय मला असे दिसतात. सगळ्यांनी भोंगा ऐकताच गाडीत बसून निघणं: बाबांसाठी हा सगळ्यात धोकादायक आणि तुमच्यासाठीही फारसा शहाणा नाही. सगळ्यांनी काही झालं तरी घरातच थांबणं: हट्ट म्हणून वाईट, कारण मात्रा वाढणार असेल तर निघावंच लागतं. पहिल्या ७ दिवसांत १०० मिलीसिव्हर्टपर्यंत पोहोचेल असं दिसलं तर लोकांना हलवण्यासारखी पावलं उचलायची, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. आणि तिसरा: आधी सगळे घरात, तयारीत. तुम्हाला व मुलाला निघायची सूचना आली तर तुम्ही निघायचं, मूल शाळेत असेल तर ते शाळेबरोबर जाईल आणि तुम्ही त्याला ठरलेल्या केंद्रावर गाठायचं. पती बाबांजवळ, रुग्णवाहिकेची नोंद झालेली, औषधं उशाशी. माझं मत तिसऱ्याच्या बाजूने आहे. वरवर पाहता तुमचे पती जे म्हणाले तेच हे आहे, नाही का? पण ते "मी मागे राहतो" या सुरात म्हणाले होते. आता तेच काम करणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत असेल आणि त्याला बाहेर कधी पडायचं तेही ठाऊक असेल.

हे बोलणं मात्र बाबांना वगळून, स्वयंपाकघरात कुजबुजत करू नका. त्यांच्या पलंगाशी बसा. त्यांना विचारा, त्या दिवशी सोबत कोण असलेलं आवडेल, कुठली वस्तू जवळ लागेल, कुणाला फोन करायचा. दोन वर्षं अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाला "मी ओझं आहे" असं वाटत असतं, आणि त्या रात्री त्यांनी आतून ऐकलेल्या वादाने त्यावर शिक्का मारला. तुम्ही त्यांना नुसतं "असं बोलू नका हो" म्हणालात तर ते गप्प बसतील, पटणार नाही. योजनेत त्यांचं नाव, त्यांचा पलंग, त्यांची रुग्णवाहिका लिहिलेली दिसली तर कदाचित पटेल. मुलालाही सामील करा. सात वर्षांच्या मुलाला खिडक्या लावायचं काम द्या, त्याची भीती हाताला काम मिळालं की कमी होते.

चार महिन्यांनी घरात बाळ येईल, तेव्हा हा कागद पुन्हा लिहावा लागेल. तान्ह्या बाळाची १६ मिलिग्रॅमची मात्रा म्हणजे मोठ्यांच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीचा आठवा भाग. तो कसा करायचा, कशात विरघळवून द्यायचा आणि दिल्यावर बाळाच्या थायरॉईडची तपासणी कधी करायची, हे प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंगावर पाजत असाल तर तुमची गोळी वेगळी आणि बाळाची वेगळी, तुमच्या दुधातून त्याला पुरेशी मिळेल असं धरून चालू नका. शाळेकडून काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा, इतर पालकांनाही ते उपयोगी पडेल.

तुमची ताई